तळहातावरचं इंजिन

"अवो, लंगडतंय ते!" अंबूबाई नवऱ्याच्या कानाला तोंड लावून ओरडली.

"कोन लंगडतंय?"

"तुमचं इंजिन! तीन पावलं नीट टाकतंय नि चौथ्याला बसतंय."

चांगोने इंजिन बंद केलं आणि तिथेच मटकन बसला. एके काळी कडाव गावात भाताची गिरणी बंद पडो की शेतावरचा पंप, लोक त्याच्याच दारात येत. नुसत्या आवाजावरून तो रोग सांगायचा. पण जन्मभर इंजिनांच्या उशाशी बसून कानांचे बारा वाजले, आणि गिऱ्हाईक आटलं. बहिऱ्याला इंजिनातलं काय कळणार, असं लोक त्याच्या तोंडावर बोलायचे. तोंडावर काय नि पाठीमागे काय, त्याला सारखंच!

कर्जतचे विष्णूपंत आणि प्रमोदिनीबाई मात्र आपली जुनी मेटॅडोर टोचन करून त्याच्याकडेच घेऊन आले. गाडी कसली, घरच ते! आत शेगडी, मोरी, पलंग, इवलासा देव्हारासुद्धा. दोघांनी निम्मा देश तिच्यातून पाहिला होता. पळसदरीजवळ पाणी संपून इंजिन जाम झालं, तेव्हा मुलगा अनुपम म्हणाला, भंगारात द्या.

"म्हटलं, मग आम्हालाही दे सोबत," प्रमोदिनीबाई चांगोला मोठ्याने म्हणाल्या. "चांगोभाऊ, ह्यांच्या हातात स्टिअरिंग आहे तोवर कन्याकुमारीला जायचंय एकदा. कराल ना?"

चांगोने इंजिन पार सुटं केलं. नवे पिस्टन बसवले, बेअरिंगं बदलली. काम करता करता मध्येच थांबायचा आणि बायकोला हाक मारायचा.

"बघ गं, ह्यो वर जातो तवा त्यो खाली येतो. एकाचा धक्का दुसऱ्याला. ज्यानं ह्ये पयल्यांदा मनात पायलं, त्यो मानूस कसा आसल गं?"

एवढी वर्षं इंजिनं खोलली, तरी त्याचा अचंबा काही सरला नव्हता.

आणि आता हे लंगडणं. हेही जमलं नाही तर लोक म्हणतात तेच खरं, गाडीच्या आधी आपणच भंगारात. चांगो उठला. त्याने इंजिन पुन्हा चालू केलं, बोट पाण्यात बुडवलं आणि धूर बाहेर नेणाऱ्या चारही नळांना टेकवत गेला. पहिल्याने चटका दिला. दुसऱ्याने दिला. तिसरा कोमट! चौथा पुन्हा तापलेला.

"हितं हाय!" तो ओरडला.

इंजिन बंद करून त्याने हवेचा पाइप सोडवला आणि तिसऱ्या भोकात बॅटरी मारली. आत, अगदी बेचक्यात, कुंकू लागलेली सुपारी बसली होती.

"अगं बया!" अंबूबाईने तोंडावर हात घेतला. "खंडेनवमीची!"

त्या दिवशी तिने अवजारांबरोबर उघड्या इंजिनाचीही पूजा केली होती. चांगोने भोकांत कोंबलेली काळी फडकी देवापुढे कशी ठेवायची, म्हणून काढली आणि पूजेनंतर पुन्हा कोंबली. मधल्या वेळात पानावरची सुपारी गायब.

"नि मी त्या कोंबडीला किती शिव्या घातल्या वो!"

चांगो डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. मग सुपारी काढून कपाळाला लावली आणि खिशात टाकली. पाइप बसवून त्याने पुन्हा चावी फिरवली आणि दोन्ही तळहात इंजिनावर टेकवले. एकसारखी, भरीव थरथर हातांतून खांद्यात, खांद्यातून छातीत शिरली. लोखंडाचे सुटे तुकडे कालपर्यंत गोणपाटावर पडले होते, आणि आज त्यांच्यात जीव आला होता! विष्णूपंत आले तेव्हा त्याने त्यांचेही हात धरून इंजिनावर ठेवले, आणि दोघे म्हातारे देवळात उभं राहावं तसे उभे राहिले.

सकाळी गाडी निघाली. प्रमोदिनीबाई खिडकीतून हात हलवत होत्या. बांबूच्या बेटापाशी गाडी वळली आणि दिसेनाशी झाली. चांगोच्या लेखी ती तिथेच संपली.

"कसं वाजतंय गं?" त्याने विचारलं.

अंबूबाईने त्याचा तळहात उघडला आणि त्यावर चार बोटं एकामागून एक टेकवू लागली. एक, दोन, तीन, चार. कुठेही लंगडणं नाही. तो डोळे मिटून उभा राहिला.

एव्हाना गाडी कुठल्या कुठे गेली असणार, हे न कळायला चांगो काही खुळा नव्हता. आवाज केव्हाच विरला होता. पण अंबूबाईची बोटं थांबली नाहीत, आणि त्यानेही हात काढून घेतला नाही.