रंगाऱ्याच्या हनुवटीचा टाका

मित्रांनो, मी एक जुना टाका आहे. जुना म्हणजे आठवडाभराचाच. पण आमच्यात एवढ्यात म्हातारपण येतं.

माझी हकिगत रंगारीकाकांपासून सुरू होते. छत रंगवताना ते शिडीवरून घसरले आणि फळीच्या कडेवर त्यांचा गळा आपटला. श्वासनळी चेपली. सर्जनबाईंनी नळीचा खराब तुकडा कापून काढला आणि उरलेली दोन टोकं बारीक दोऱ्याने जोडली. आतले ते टाके इतके नाजूक, की सगळे त्यांचंच कौतुक करत राहिले. मग मान वर होऊन त्या जोडावर ताण येऊ नये, म्हणून बाईंनी एक जाड दोरा घेतला आणि काकांची हनुवटी चक्क छातीच्या कातडीशी शिवून टाकली. तो दोरा म्हणजे मी. माझं कसलं कौतुक! भाचा भेटायला आला, त्याने मला पाहिलं आणि तो बाहेर जाऊन बसला.

बरं, माणूस वाट्याला आला तोही असा. काका कुणाच्याही घरी गेले, की आधी छत बघणार, मग माणसं. आता मात्र बोलायची बंदी आणि मान खाली. दिवसभर दिसायचं काय, तर फरशी आणि काकूंच्या चपला.

त्यात खोलीबाहेरच्या व्हरांड्याचं छत रंगवायला नेमका दुसरा रंगारी आला. काकांना तो दिसेना, पण दारातल्या फरशीवर पडणारे थेंब दिसत होते.

"रंग पातळ केलाय लेकाने," काका कुजबुजले.

"तुम्हाला बोलू नका म्हटलंय ना?" काकू म्हणाल्या.

तेवढ्यात एक भलामोठा थेंब पडला. काकांना राहवेना. त्यांनी मान उचललीच. मित्रांनो, खरं सांगतो, मी घाबरलो. आतला जोड उसवला असता तर काकांचा श्वासच गेला असता. मी दोन्हीकडची कातडी जिवाच्या आकांताने धरून ठेवली. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मान परत खाली गेली. आतली नाजूक मंडळी तेव्हा चिडीचूप होती बरं का.

काकू दारात जाऊन उभ्या राहिल्या. "तुमच्या वाटचं मी बघते. छान गुळगुळीत झालंय."

"कोपरा?"

"कोपराही झकास. अगदी तुमच्यासारखा हात आहे त्याचा."

काका जरा दुखावले, पण स्वस्थ झोपले.

आठवड्याने सर्जनबाईंनी मला कापलं. "अजून काही दिवस मान मागे टाकायची नाही," त्यांनी बजावलं. मला वाटलं, हा माणूस आता आधी छत बघणार. पण काकांनी सावकाश नजर उचलली ती काकूंच्या चेहऱ्याकडे.

"वाळलीस गं," ते म्हणाले.

"बोलू नका," काकू म्हणाल्या आणि पदराने नाक पुसू लागल्या.

मला ट्रेमध्ये टाकून ट्रॉली व्हरांड्यात नेली. उताणा पडल्या पडल्या मी ते छत पहिल्यांदा पाहिलं. भिंतीवर ओघळ आणि कोपरा चक्क कोरा. काकू साफ खोटं बोलल्या होत्या.

इतक्यात दोघं घरी निघाले. काकूंनी काकांचा दंड धरला. "अहो, खाली बघून चाला. फरशी ओली आहे."

मित्रांनो, कुणी तुम्हाला धरून ठेवलं, तर लगेच चिडू नका. तुमचा जोड कुठे कच्चा आहे, हे त्याला ठाऊक असतं. माझी एवढीच विनंती आहे.

काका खाली बघत, जपून पावलं टाकत गेले. फरशी ठणठणीत कोरडी होती.