मथुरेचं नाक

मथुरा माझी शेजारीण. तिच्याशी माझं पटत नाही, हे आधीच सांगून टाकते. तिच्या माडाचा नारळ माझ्या परड्यात पडला की विचारल्याशिवाय येऊन उचलून नेते, आणि माझी कोंबडी तिच्या अंगणात गेली की वाडीभर बोंब. तेव्हा मी जे केलं ते प्रेमापोटी केलं, असं कोणी समजू नये.

आमच्याकडे उन्हाळ्यात कच्च्या फणसाचे गरे मिठाच्या पाण्यात घालून ठेवतात. वर धुतलेला दगड, बरणीच्या तोंडाला फडकं. पावसात बाजारात धड भाजी मिळत नाही, तेव्हा हे आंबलेले गरे कामाला येतात. बरणी उघडायची ती मात्र मथुरेच्या ओट्यावर. तिने वास घेऊन ‘जमली’ म्हटलं की जमली, ‘ओत’ म्हटलं की माडाच्या मुळात. तिचा नवरा गेला, मुलगा दीपेश मुंबईत. एरवी तिच्या दारात कुत्रं फिरकत नाही, पण श्रावणात बायका बरण्या घेऊन बसलेल्या असतात. तेवढ्या दिवसांत ती जरा माणसासारखी बोलते.

यंदा वाडीतल्या लवूची नवी नवरी संचिता आपली पहिलीच बरणी घेऊन आली. फडकं सोडलं मात्र, आम्ही सगळ्यांनी पदर नाकाला लावले. घरात उंदीर मरून पडावा तसा वास. वरून कळत नव्हतं, कारण पांढरी साय सगळ्यांच्याच बरणीवर येते.

मथुरा वाकली. नाक पार पाण्याजवळ नेलं, सावकाश श्वास घेतला.

“बरी जमली गो तुझी बरणी,” ती संचिताला म्हणाली. “आजच आमटी कर.”

गेल्या थंडीत मथुरा तापाने पडून होती, ते मला तेव्हा आठवलं. बिचारी संचिता नवी, तिला वाटलं असाच वास असतो. पण पलीकडे बसलेल्या आनंदीने तोंड उघडलं होतं, आणि आनंदीच्या तोंडून निघालं की ते आरोंद्याच्या बाजारापर्यंत पोचतं.

“मथुरा चुकाची नाय,” मी आधीच म्हटलं. “पण संचिता, पयली बरणी शेजारणीक दिवची आसता. ती माका दी. माझी तू घेवन जा.”

अशी कसली रीत नाही. आनंदीने माझ्याकडे पाहिलं, मग बरणीकडे. “व्हय तर,” ती म्हणाली, “रीतच आसा तशी.”

चांगली जमलेली माझी बरणी गेली. तिची घाण मी परड्यात खड्डा काढून ओतली आणि मथुरेला मनसोक्त शिव्या घातल्या.

तिन्हीसांजेला ती मागच्या दाराने आली.

“ओतलंस?”

“ओतलंय. मगे सांगूक काय झाला होता तुका?”

“सांगलंय आसता तर माझ्या दारात कोण इला आसता?”

मला तिचा राग आला होता, तो होताच. पण वाईटही वाटलं, फार वाईट वाटलं. मी पाट सरकवला, ती बसली.

“तापापासून कसलोच वास येना नाय,” ती म्हणाली. “भात करपलो तरी कळना नाय.”

“उद्या मी तुझ्या बाजूक बसतंय. बरणी वायट आसली तर तुका कोपरान ढोसतंय.”

तिने मान डोलावली. मला वाटलं आता उठेल. पण ती बसून राहिली.

“बरी जमलेल्या बरणीचो वास कसो येता, सांग गो.”

इतकी वर्षं हे आम्ही तिला विचारत आलो. मी आपली सांगू लागले. आंबूस येतो, ताज्या ताकासारखा, मागून फणसाच्या चिकाचा…

“बेगीन नको,” मथुरा म्हणाली. तिने डोळे मिटले होते. “सवकास सांग. माका आठवूक होया.”