नखभर सैल

गिऱ्हाइकाने भिंतीवरच्या सगळ्यात मोठ्या चेनसॉवर बोट ठेवलं होतं आणि काही केल्या ते उचलत नव्हतं.

“शेकोटीची लाकडंच कापायची ना?” काकू म्हणाली. “मग हा हत्ती कशाला पोसताय? दुपारपर्यंत खांदे निखळतील. हे मधलं घ्या. पट्टी आखूड आहे, पण दिवसभर हातात राहील.”

“शेजाऱ्याकडे मोठं आहे हो.”

“त्याची बायको येते माझ्याकडे चेनला धार लावायला. मोठं मशीन तो नुसतं पुसतो. कापते ती, लहान मशीनने.”

गिऱ्हाईक हसलं. बोट हळूहळू मधल्या मशीनवर आलं.

दुकान नवरा-बायको दोघांचं. धार तिची, सूर त्याचा. ती पुढच्या खोलीत कानस घेऊन चेनच्या दातादातावरून हात फिरवी, लेकीच्या केसांतून फणी फिरवावी तसा. तो मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मशीन सुरू करून ऐकत बसे. आख्खं गाव त्याला कानवाले म्हणे. कार्ब्युरेटरचे बारीक स्क्रू तो डोळे मिटून फिरवायचा. आत आवळला की इंजिनाला पेट्रोल कमी, हवा जास्त. सैल केला की उलट. “मोकळ्या हवेत मशीन जरा बोबडं बोललं पाहिजे,” तो सांगायचा, “आणि लाकडात शिरलं की शब्दन् शब्द स्पष्ट. हवेतच खणखणीत बोलायला लागलं, तर समजा ते तापानं बरळतंय. आज नाही उद्या पिस्टन जाम.”

आणि तोच आता मशीनं तापवून देत होता.

तिला ते कळलं पाखरांमुळे. शेडच्या पत्र्यावर पहाटे चिमण्या कलकलाट करत होत्या आणि तो तिला म्हणाला, “हल्ली चिमण्या येईनाशा झाल्या गं.” ती वर बघत राहिली. चोचीतलं गवत त्याच्या खांद्यावर पडत होतं. जाड आवाज त्याला अजून नीट यायचे. ट्रक, दार, तिची हाक. बारीक आणि उंच तेवढं सगळं गळून गेलं होतं, चाळणीतून पडावं तसं. मशीनची किंचाळी त्याच्या कानापर्यंत पोचेपर्यंत स्क्रू केव्हाच जास्त आवळला गेलेला असायचा.

तिने सांगितलं नाही. कसं सांगायचं? कान हेच तर त्याचं नाव. मग ती एक काम करू लागली. तो जेवायला आत गेला की ओट्यावरच्या तयार मशीनचा स्क्रू ती नखभर सैल करायची. मशीन सुरू न करता, कारण सुरू केलं तर तो विचारायला यायचा. अंदाजाने, नखभर. तेवढ्यावर निभत होतं. तक्रार येत नव्हती, त्याचा रुबाब शाबूत होता, आणि रात्री शेजारी पडलेल्या माणसाशी आपण खोटं वागतोय, एवढं एक कुसळ तिच्या मनात सलत होतं.

मधलं मशीन बांधून देऊन ती मागे आली, तर ओट्यावरची जागा रिकामी.

“जावयाचं मशीन कुठाय?”

“घेऊन गेले की आत्ताच. घाईत होते. दवाखान्याच्या कुंपणाजवळचं वाळकं झाड उतरवायचंय म्हणे.”

“मी… मी अजून धार बघितली नव्हती.”

“मी बघितली. छान लावलीस. मशीनसुद्धा असं झालंय, घुंगरू बांधल्यासारखं.”

जावई झाडावर चढणारा. दोराला लटकून, एका हाताने फांदी धरून, छातीजवळ छोटं मशीन चालवणारा. जमिनीवरच्या माणसाचं मशीन बिघडलं तर तो ते खाली ठेवून शिव्या घालतो. जावयाने ते कुठे ठेवायचं? तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग पदर खोचला, “जरा जाऊन येते” म्हणाली आणि चप्पल नीट न घालताच निघाली.

दवाखान्याच्या गल्लीत शिरली तेव्हाच तिने ऐकलं. वर उंच, फांद्यांच्या जाळीत, मशीन किंचाळत होतं. त्यात बोबडेपणा कुठेच नव्हता. जावयाने फांदी कापली, बोट रेसवरून काढलं. पण आवाज उतरला नाही. चेन तशीच फिरत राहिली, थोडा वेळ, मालकाचं न ऐकणाऱ्या जनावरासारखी.

“उतरवा त्यांना!” खाली दोर सांभाळणाऱ्या मदतनिसाला तिने दंडाला धरून हलवलं.

“काकू, मागे व्हा, फांदी पडेल.”

“फांदी पडू दे. त्यांना उतरवा.”

मदतनिसाने दोर दोनदा हिसकला. वर जावयाने मान वळवली, आणि त्या वळण्यातच मशीन कमरेच्या दोराला निसटतं लागलं. तिला दिसलं. दोराच्या कडेने पांढरे धागे फुलले, कापूस पिंजल्यासारखे. जावई गोठला. मग त्याने बटण दाबून मशीन बंद केलं, दुसऱ्या दोरावर भार घेतला आणि खाली आला. पाय टेकले तेव्हा त्याच्या ओठांना रंग नव्हता.

“आई, तुम्ही इथे?”

ती त्याच्या कमरेचा दोर चाचपत होती. अर्धा तुटला होता.

“मघापासून रेस सोडली तरी चेन थांबेना,” तो म्हणाला. “मला वाटलं, माझंच बोट अडकतंय. मशीनवर संशयच आला नाही. बाबांनी लावलेलं म्हटल्यावर…”

“त्यांना ऐकू येत नाही.”

हे इतकं लहान वाक्य. आपण एवढे दिवस एवढंसं वाक्य उचलू शकलो नाही, असं तिला वाटलं. मदतनीस उगाच दोर गुंडाळू लागला.

“केव्हापासून?”

“बरेच दिवस. मी मागून सैल करत होते. तुमच्या मशीनला आज माझा हात लागायचा राहिला.”

जावई कुंपणावर बसला. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. “आई,” तो एवढंच म्हणाला, “मी वर असतो हो.”

मशीन आणि जावयाने कापून दिलेला दोराचा तुकडा उराशी धरून ती परतली. शेडमध्ये तो पाठमोरा बसून प्लग साफ करत होता. त्याच्या मानेवरच्या पांढऱ्या केसांकडे बघत ती म्हणाली, “अहो, तुम्हाला ऐकू येत नाही.” वाक्य नुसतं पुटपुटल्यासारखं निघालं होतं. तो प्लग फुंकत राहिला.

ती वळसा घालून समोर गेली. मशीन त्याच्या मांडीवर ठेवलं, तुटत आलेल्या दोराचा तुकडा वर ठेवला, आणि त्याच्या डोळ्यांत बघून सगळं सांगितलं. चिमण्यांपासून.

तो दोराच्या धाग्यांवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, “स्क्रू तू सैल करत होतीस?”

“हो.”

“धारेला परत आलेल्या मशीनांचे स्क्रू मी बघायचो. मी सोडलेल्या जागी एकही नसायचा. मला वाटलं, थरथरीने सरकतायत. स्क्रूच्या स्प्रिंगा बदलल्या. तरी सरकायचे.” त्याने दोर बाजूला ठेवला. “म्हणून मग मी ते आधीच जास्त आवळून द्यायला लागलो. तेवढे सरकतील असं धरून.”

ती सैल करत होती म्हणून तो आवळत होता. आणि तिचं नख तेवढंच राहिलं होतं, त्याचं आवळणं वाढत गेलं होतं. म्हणजे तिचा हात लागलेली मशीनंसुद्धा बरळतच बाहेर गेली होती. कुणाच्या परसात, कुणाच्या रानात, कुणाच्या छातीजवळ.

“मला बोलली असतीस,” तो म्हणाला.

“तुम्ही मला विचारलं असतंत, स्क्रू का सरकतात म्हणून.”

“विचारलं असतं तर लोक म्हणाले असते, कानवाल्याचे स्क्रू टिकत नाहीत.”

“लोक कुठे होते? मीच होते इथे.”

पत्र्यावर काहीतरी खुडबुडलं. तिने वर बघितलं. त्याने तिच्या बघण्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा असा काही उतरला की तिने मान खाली घातली.

मग तो उठला, हात पुसले आणि फोन घेतला.

“द्या, मी बोलते,” ती म्हणाली.

“नको. मशीनं माझ्या हातची गेलीत.”

पहिला फोन त्याने वखारवाल्याला लावला, कारण त्याच्याकडे मशीन दिवसभर चालतं. पलीकडे कुणीतरी उचललं. तो गरजेपेक्षा मोठ्याने बोलला, “मशीन बंद करा आणि परत आणा. चुकीचं लावलंय मी. मला आता बारीक आवाज येत नाहीत.”

पलीकडून उत्तर आलं. फोनच्या त्या चिरक्या, बारीक आवाजातलं त्याला काहीच कळलं नाही. फोन कानाला तसाच धरून तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती जवळ सरकली, त्याच्या हातावर हात ठेवून फोन आपल्या कानाशी वळवला.

“काय म्हणतोय?”

“म्हणतोय, अर्धा ढीग राहिलाय. उद्या आणतो.”

“आज म्हणावं. आत्ता.”

“आत्ता,” ती फोनमध्ये म्हणाली. पलीकडे मशीन चालूच होतं.