अडीच लीलावती

टूरच्या बसमधून एकेचाळीस माणसं ट्यूलिपच्या बागेच्या दाराशी उतरली आणि त्यांतल्या चाळीसांनी उतरल्याबरोबर फोन वर धरले. एक बाई तेवढ्या पर्स पोटाशी धरून नुसत्या उभ्या राहिल्या. साडीवर जाड स्वेटर, पायांत नवे पांढरे बूट. मंजूषानं ओळखलं, याच लीलावतीबाई.

नाव तिला टूर मॅनेजर चंद्रहासनं कळवलं होतं. अकरा वर्षांपूर्वी मंजूषा नवऱ्याच्या, सुबोधच्या पाठोपाठ नेदरलँड्समध्ये आली. त्याची नोकरी झुइडासच्या ऑफिसांच्या भागात, घर डीमन या उपनगरात आणि तिच्याजवळ डिपेंडंट व्हिसा. पहिली काही वर्षं घर आणि लेक सांभाळण्यात गेली. मग तिनं कॅमेरा घेतला, महापालिकेत आणि इतर ठिकाणी लागतील ते फॉर्म भरले आणि भारतातून येणाऱ्या पर्यटकांचे फोटो काढायचा व्यवसाय सुरू केला. एप्रिलमध्ये तिला जेवायला सवड नसे. कोणत्या ताटव्यासमोर कोणाला किती वाजता उभं करायचं, हे तिला पाठ झालं होतं.

"मावशी, आधी त्या लाल ताटव्याकडे जाऊ. आत्ता ऊन चांगलं आहे."

"माझे फोटो नकोत," लीलावतीबाई म्हणाल्या. "मला फोटोत यायचंच नाहीये."

'मी जाड दिसते', 'माझी उजवी बाजू नको', हे मंजूषानं पुष्कळ ऐकलं होतं. पण फोटोग्राफर ठरवून फोटोला नाही म्हणणारं गिऱ्हाईक तिला पहिल्यांदाच भेटत होतं. ती काही बोलायच्या आत बाईंनी पर्समधून वहीचा एक कागद काढून तिच्या हातात दिला. अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं मोठं, गोल. 'रस्त्यापेक्षा उंच कालवा. त्यातून जाणारी बोट. बोट वर आणि घरं खाली, हे स्पष्ट दिसावं. फुलं नकोत, फुलं कॅलेंडरवर असतात.'

"माझ्या बहिणीनं लिहून दिलंय. शामलाक्का. मला फोनवर नीट फोटो येत नाहीत, म्हणून तुला बोलावलं."

मंजूषानं कागद दोनदा वाचला. इथून दहा मिनिटांवर लिसेब्रूक हे गाव होतं. तिथं कालव्याच्या बांधावरच्या रस्त्यानं ती कितीदा तरी गाडी चालवत गेली होती. कालवा वर आहे आणि घरं खाली, याचा फोटो काढावा असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिनं चंद्रहासला गाठलं. तो म्हणाला, "दोनला बस सुटणार. पावणेदोनला मला त्या इथं हव्यात."

गाडीत बसल्यावर लीलावतीबाई बोलत्या झाल्या. दोघी बहिणी मिरजेच्या. शामलाक्का थोरली, लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. लीलावतीबाई ब्लाउज शिवायच्या. दुकान चांगलं चालायचं. भूगोलाशी त्यांचा कधी संबंध आला नाही.

"अक्का दर वर्षी सातवीच्या पोरींना हॉलंड शिकवायची. समुद्र अडवून शेतं केली, पाणी वर आणि माणसं खाली. फळ्यावर आकृती काढायची. एकदा एका पोरीनं विचारलं, बाई, तुम्ही बघितलंय का? तेव्हापासून तिच्या मनात होतं. आम्ही दोघींनी मिळून बुकिंग केलं. निघायला तीन आठवडे राहिले आणि ती न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं."

"मग तुम्ही एकट्याच आलात?"

"मी येतच नव्हते. तिनं ऐकलं नाही. मला म्हणाली, तू माझे डोळे घेऊन जा." त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. "बारा दिवस झाले. पॅरिस झालं, स्वित्झर्लंड झालं. सगळीकडे एकच वाटतं. इथं ती असायला हवी होती. मला त्या बर्फातलं काय कळतंय?"

मंजूषानं बांधावर एका कडेला गाडी लावली. एका हाताला कालवा, काठोकाठ भरलेला, करड्या पाण्याचा. दुसऱ्या हाताला गवताचा उतार, आणि उताराच्या तळाशी घरं, परसबागा, पलीकडे लांबवर शेतं. एका घराची कौलं जवळपास त्यांच्या पायांच्या पातळीला होती. लीलावतीबाई एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिल्या.

"अगं, हे फुटलं तर?"

"फुटू देत नाहीत, मावशी."

मंजूषानं बांधावरून सात-आठ फोटो काढले. लेन्स बदलली, उकिडवी बसली, गाडीच्या बॉनेटवर चढून बघितलं. त्यातले तीन बरे निघाले, ते लीलावतीबाईंनी अक्काला पाठवले. मिरजेत तेव्हा दुपारचे तीन वाजत आले असतील, वामकुक्षीची वेळ. पण उत्तर लगेच आलं. 'यात कळत नाही. सगळं सपाट दिसतंय.'

अक्कांचं खरं होतं. डोळ्यांना जे धडधडीत दिसत होतं, ते फोटोत येत नव्हतं. पाणी, रस्ता, शेत, एकावर एक ठेवलेल्या तीन पट्ट्या नुसत्या. ताटव्यांच्या फोटोंत मंजूषाला ही अडचण कधीच आली नव्हती. ती उतारावरून खाली गेली आणि वर बघत उभी राहिली. खालून पाणी दिसतच नव्हतं. दिसत होता हिरवा बांध आणि त्याच्यावर आभाळ. बोट आली तर तिची केबिन त्या आभाळातून जाताना दिसली असती. पण ती किती उंचावरून जाते आहे, हे कशावरून कळणार?

"मावशी, तुम्हाला खाली येऊन उभं राहावं लागेल."

"मी सांगितलं ना."

"अक्कांना उंची कळायला हवी असेल तर बांधाच्या पायथ्याशी माणूस हवा. त्यांना जिची उंची माहीत आहे असं माणूस."

लीलावतीबाई वरच थांबल्या. तिथूनच म्हणाल्या, "ती तिथं कॉटवर पडलीये. तिच्या हट्टावर मी इथं आले. मी हसत उभी आहे, असले फोटो तिला कसे पाठवू? बघून तिला काय वाटेल?"

मंजूषाला आपला पहिला हिवाळा आठवला. दुपारी साडेचारला अंधार पडणाऱ्या त्या महिन्यांत तिनं आईला एका शनिवारी काढलेले फोटो पुरवून पुरवून पाठवले होते, लाल मफलर घातलेले, हसरे. आई विचारायची, रोज तोच मफलर का गं? म्हणजे आईला कळत होतं. मंजूषा एवढंच म्हणाली, "हसू नका मग. नुसत्या उभ्या राहा."

डावीकडून वाळू भरलेली एक लांब बोट येत होती. लीलावतीबाईंनी ती पाहिली. मग साडीच्या निऱ्या एका हातात धरल्या, दुसरा हात मंजूषाला दिला आणि आडव्या पावलांनी उतार उतरल्या. मंजूषानं त्यांना बांधाच्या पायथ्याला पाठ लावून उभं केलं आणि स्वतः शेताच्या बाजूला, चिखलात मागे मागे गेली. बोटीचा आवाज आधी आला. मग लीलावतीबाईंच्या डोक्याच्या कितीतरी वर पांढरी केबिन सरकत निघाली, तिच्या मागे दोरीवर वाळत घातलेला कोणाचा तरी निळा शर्ट. आवाज ऐकून बाईंनी मान वळवून वर बघितलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं. मंजूषानं नेमका तेव्हा फोटो घेतला.

तो फोटो मिरजेला गेला आणि पाचव्या मिनिटाला अक्कांचा व्हिडिओ कॉल आला. उशीला टेकलेला चेहरा, चष्मा, पांढरे आखूड केस.

"लीले, तू पार पायथ्याशी उभी आहेस ना? पुढं सरकलेली नाहीस?"

"पाठ टेकून उभी होते."

"मग बरोबर. फूटपट्टी लावून बघितलं. तुझ्या डोक्यापासून वर तुझ्या दीडपट बांध आहे. म्हणजे एकूण अडीच लीलावती. तू पाच फूट एक इंच. पावणेतेरा फूट, चार मीटरच्या जरा खाली. पुस्तकात साधारण तेवढंच देतात." त्या थांबल्या. मग आवाज बदलला. "बारा दिवस डोंगर येतायत, मनोरे येतायत, आणि तू कुठेच नाहीस. मला वाटलं तुला तिथं काहीतरी झालंय आणि तू लपवतेस. परवा चंद्रहासलासुद्धा फोन केला मी."

लीलावतीबाईंनी फोन मंजूषाच्या हातात दिला आणि बांधाकडे तोंड करून पदरानं चष्मा पुसत राहिल्या.

"तू कोण? फोटो काढणारी का?" अक्कांनी विचारलं.

"हो. मंजूषा."

"ते तोंड उघडं राहिलेलं छान आलंय हो. तिला आता जेवायला घाल. उपाशी असणार ती."

बागेत परत आल्यावर बस सुटायला अर्धा तास होता. दोघींनी बाकावर बसून बटाट्याच्या फ्राइज खाल्ल्या. मग लीलावतीबाई उठल्या, स्वेटरची बटणं नीट लावली आणि त्या लाल ताटव्यासमोर स्वतःहून जाऊन उभ्या राहिल्या. हात कुठे ठेवायचे ते मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मे महिन्यात मंजूषाला मिरजेहून एक व्हॉइस मेसेज आला. आवाज अक्कांचा. त्या आता वॉकर धरून ओसरीपर्यंत चालत होत्या. शेतातलं पाणी पंपानं उपसून वर कालव्यात टाकतात, एवढं त्यांना ठाऊक होतं. पण त्या पंपाचा आवाज येतो का? जवळ राहणाऱ्यांना तो रात्रंदिवस ऐकू येतो का? पुस्तकात ते कुठे दिलेलं नाही, तेव्हा जमलं तर बघून सांग.

मंजूषाला ते माहीत नव्हतं. बुधवारी शाळा लवकर सुटते. तिनं आपल्या नऊ वर्षांच्या प्रियाला विचारलं, "पंपघर कुठं आहे गं इथं?"

"खमाल?" प्रियानं पंपघराला असलेला डच शब्द म्हटला आणि मग इंग्रजीत तिनं शाळेच्या सहलीत पाहिलेलं एक सांगितलं. दोघी सायकली काढून निघाल्या. विटांची बसकी इमारत, भोवती कुंपण, दाराला कुलूप. मंजूषानं सायकल स्टँडवर लावली आणि कुंपणाच्या जाळीला कान लावला. प्रियाही शेजारी येऊन तशीच उभी राहिली.

आवाज होता. फार मोठा नाही. लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तसा, सलग. मंजूषानं फोन जाळीपाशी धरला आणि प्रियाला गप्प राहायची खूण करून पूर्ण एक मिनिट तो आवाज भरून घेतला.