मिनार झाकायच्या आत

“सापडली! सनोबर, जागा सापडली!”

आमचे हे तांबटाच्या पत्र्यावर उभे राहून ओरडत होते. एका हातात जुना फोटो, दुसरा हात हवेत. साठी उलटलेला माणूस! खाली अख्खी गल्ली गोळा झाली होती आणि मी तंदूरमधल्या नान तशाच टाकून धावत आले होते.

“आधी खाली उतरा! हाडं मोडलीत तर ती शोधायला मी वर यायची नाही.”

आमच्या ह्यांनी, म्हणजे उबैदुल्लांनी, आयुष्यभर बुखाऱ्यातल्या लग्नांचे फोटो काढले. त्यांच्या फोटोत नवरी कधी रडवेली दिसली नाही आणि सासू कधी जाडी दिसली नाही, त्यामुळे धंदा बरा चालला. जीव मात्र भलतीकडेच. शंभरेक वर्षांपूर्वी कुणी एक फोटोवाला भलामोठा कॅमेरा घेऊन आमच्या शहरातून हिंडला होता. त्याचे फोटो ह्यांना जुन्या बाजारात मिळाले आणि डोक्यात खूळ शिरलं. तो जिथे उभा होता तिथेच उभं राहायचं, आणि आज तिथून काय दिसतं ते टिपायचं. सगळे फोटो जुळले होते. उरला होता एकच, तोही आमच्याच मोहल्ल्याचा. मधे पाण्याचा हौज, काठावर तुती, मदरशाचा घुमट आणि त्याला खेटून मागे आमचा मिनार. हौज बुजवला, तुती तोडली, आणि तो बाबा नेमका कुठे उभा होता ते काही केल्या कळेना.

“तो जमिनीवर नव्हताच गं! गच्चीवर होता. आणि त्या गच्चीवर आता...” ह्यांनी बोट दाखवलं.

मी कपाळाला हात लावला. ती शेजारच्या हमरोबीबीच्या माडीची खिडकी होती; जुन्या गच्चीवरच ती माडी चढवलेली. त्या खोलीत बीबीची नातसून नोझिमा बाळंतीण होती. चिल्ला चालू होता. चाळीस दिवस तिथे परक्या पुरुषाने पाऊल टाकायचं नाही.

“मग थांबा की थोडं. चिल्ला काय, संपेलच.”

“मी थांबेन गं. तो थांबेल का?”

त्या खिडकीसमोर हॉटेल चढत होतं. रोज विटांचे नवे थर. घुमटाचा आणि मिनाराचा खालचा भाग त्याने कधीच गिळला होता. चिल्ला संपेपर्यंत टोकसुद्धा उरलं नसतं. पत्र्यावरचा तो उत्साहाचा पुतळा एकदम केविलवाणा झाला, आणि माझा सगळा राग पळाला.

“मी जाते,” मी म्हणाले.

“तू? तू तर माझ्या कॅमेऱ्याला सवत म्हणतेस!”

“मग काय करता? सवतीलाच कडेवर घ्यायची वेळ आलीय.”

अंगणात शिकवणी सुरू झाली. “हा वेलाचा खांब बघ, मागे तंदूर. आता डावीकडे सरक. खांबाला तंदूरची कड चिकटली? थांब! तुझी जागा तीच. जुन्या फोटोत घुमटाला मिनार जसा चिकटलाय, तस्साच चिकटला पाहिजे. बोटभरही इकडेतिकडे नको.” मी सरकत होते, हे नाचत होते. तंदूरमधल्या नानचा पार कोळसा झाला आणि दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

हमरोबीबीने मला दारातच अडवलं.

“कुणाच्या मयताला जाऊन आली नाहीस ना?”

“नाही बीबी.”

“नवरा कुठाय?”

“खाली, गल्लीत.”

“त्याला सांग, मान वर करायची नाही. आणि तू बाळाचा फोटो काढायचा नाहीस. दृष्ट लागते.” तिने मला दृष्ट काढायच्या इसिरिकच्या पाल्याची धुरी दिली. मग विचार करून कॅमेऱ्यालाही दिली.

खिडकीशी नोझिमाचं अंथरूण होतं. उशीखाली राखण म्हणून भाकरीचा तुकडा आणि सुरी, कुशीत बाळ. मी कॅमेरा डोळ्याला लावला. घुमट आणि मिनार जवळ आले, पण चिकटेनात. अजून डावीकडे सरकायला हवं होतं, आणि डावीकडे बाळंतीण! तो फोटोवाला नेमका तिच्या उशीच्या जागी उभा होता.

“अंथरूण हलायचं नाही हं,” बीबी म्हणाली. “चिल्ल्यात बाळंतिणीची जागा बदलत नाहीत.”

खालून आवाज आला, “चिकटलं का गं?”

“मान खाली!” बीबी गरजली.

माझा चेहरा पडला. तेवढ्यात नोझिमा हसून अंग चोरून सरकली. “अंथरूण हलवायचं नाही ना? मग सनोबर ओपा, तुम्हीच वर या. माझ्या शेजारी.” मी गुडघ्यांवर अंथरुणात शिरले. नोझिमाने बाळाला मांडीवर घेतलं.

“मी पडल्या पडल्या रोज मिनार बघते,” ती हळूच म्हणाली. “पहिल्या दिवशी केवढा दिसायचा! आता घुमटाचा शेंडा आणि मिनाराचे वरचे निळे पट्टेच राहिलेत. बाळाला अजून लांबचं दिसत नाही म्हणतात. त्याला दिसायला लागेल, तेव्हा तिथे भिंत असेल.”

मी कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला. किंचित डावीकडे. आणखी किंचित. आणि मिनार घुमटाला चिकटला! छातीत असं धडधडलं की लग्नातसुद्धा धडधडलं नव्हतं. मी बटण दाबलं, आणि नेमकं त्याच क्षणी बाळाने मूठ उडवली.

घरी ह्यांनी जुना फोटो शेजारी ठेवला आणि कितीतरी वेळ बघत बसले. मी जीव मुठीत धरून उभी. कोपऱ्यात ती इवलीशी मूठ होतीच. हा माणूस फोटोत एक सायकलही नको म्हणून तासभर खोळंबणारा.

“केसाचा फरक नाही!” ते ओरडले आणि पिठाच्या हातांसकट मला धरून तंदूरभोवती फिरले.

“आणि ती मूठ?”

“असू दे. खोली त्याची आहे. आपण पाहुणे.”

चिल्ला संपला, तोवर समोर कोरी भिंत उभी होती. नोझिमा बाळाला घेऊन पहिल्यांदा घराबाहेर पडली ती आमच्याकडे आली. मी बाळाच्या कपाळाला पीठ लावलं, म्हटलं, “केस असे पांढरे होईपर्यंत जग.” ह्यांनी चौकटीत बसवलेला फोटो तिच्या हातात दिला. ती काचेवरून बोट फिरवत राहिली.

काही दिवसांनी मी बीबीकडे नान घेऊन गेले. भर दुपारी माडीवरच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता आणि पडद्यावर तो फोटो टांगला होता. हमरोबीबी ओढणीच्या टोकाने त्याची काच पुसत होती.

“काय सांगू बाई,” ती मागे न वळता म्हणाली, “त्या बांधकामाची धूळ सारखी मिनारावर बसते.”