वाढदिवसाचा केक

मांजर्लीतल्या वृद्धाश्रमात सोनी कामाला लागली, तेव्हा भीमरावांना तिथे येऊन वर्ष झालं होतं. मोरिवलीच्या एका कंपनीत तीस वर्षं फिटरचं काम केलेला माणूस. लकव्याने उजवं अंग आणि वाचा गेली, तसं मुलाने इथे आणून सोडलं. बोलता येत नसलं तरी त्यांना सगळं कळायचं. आंघोळ घालताना सोनी आधी दार लावायची, कमरेवर पंचा टाकायची. तेवढ्यानेसुद्धा त्यांचं आखडलेलं अंग सैल पडायचं.

एका रविवारी अंबरनाथहून आश्रमाला देणगी देणाऱ्या माधवी मॅडम आपल्या लहान मुलाला आणि त्याच्या वाढदिवसाचा केक घेऊन आल्या. व्यवस्थापक संतोषने सगळ्या म्हाताऱ्यांना ओळीत बसवलं आणि डोक्यावर कागदी टोप्या चढवल्या. भीमरावांनी डाव्या हाताने टोपी काढून मांडीवर ठेवली. संतोषने परत घातली. त्यांनी परत काढली.

"आजोबा नखरेवाले आहेत हं," मॅडम मोबाइल सरसावत हसल्या.

मॅडमच्या मुलाने केकचा तुकडा पुढे केला. भीमरावांनी ओठ घट्ट मिटले.

संतोष हसऱ्या चेहऱ्यानेच सोनीच्या कानाशी वाकला. "हात धर त्याचा."

"सर, त्यांना नकोय."

"तुला नोकरी नको असेल तर तसं सांग. उद्यापासून तुझ्या वाडीवर बस लाकडं गोळा करत."

सोनीने हात धरला. हातात अजून ताकद होती, दोन्ही हातांनी दाबून धरावा लागला. संतोषने लाडाने करावं तसं भीमरावांचं नाक चिमटीत पकडलं आणि सोडलंच नाही. चेहरा लाल झाला, मग काळपट. शेवटी श्वासासाठी तोंड उघडलं. केक आत कोंबला गेला. टाळ्या पडल्या. भीमरावांना ठसका लागला, मिशीवरून क्रीम ओघळलं.

"मम्मी, आजोबांनी सू केली," मुलगा म्हणाला.

सगळे हसले. ओळीतले दोन म्हातारेही हसले. मोबाइल चालूच होता.

पाहुणे गेल्यावर सोनीने त्यांचे कपडे बदलले, तोंड पुसलं. "बाबा, माझा नाइलाज झाला," ती म्हणाली. त्यांनी भिंतीकडे मान वळवली. त्या दिवसापासून पंचा टाकला काय नि न टाकला काय, त्यांचं अंग लाकडासारखं ताठच राहायचं.

पुढच्या रविवारी उल्हासनगरहून दुसरं कुटुंब आलं. या वेळी नाही म्हणायचंच, असं ठरवून सोनी भीमरावांच्या खुर्चीमागे उभी राहिली. टोपी त्यांनी मुकाट्याने घालून घेतली. केकचा खोका उघडताच डावा हात उचलून त्यांनी आपण होऊन सोनीपुढे धरला, आणि तोंड उघडलं.

"बघ, शिकले की नाही," संतोष म्हणाला.

हात तसाच पुढे होता. सोनीने तो धरला.