ओपलची उजवी बाजू

मित्रांनो, मी एक जुना सोफा आहे. तीन माणसं ऐसपैस बसतील एवढा, तपकिरी-हिरव्या चौकड्यांचा. ओहायो राज्यातल्या हार्लन फोर्क गावात, प्रूइट नवरा-बायकोच्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या समोर माझी जागा आहे. जागा कसली, बेडीच म्हणा. माझे पाय कुठे टेकावेत याच्या खुणा गालिच्यावर खडूने आखून ठेवल्या आहेत आणि त्याबाहेर मला बोटभरही सरकायची परवानगी नाही. हे असं का झालं, ते सांगतो.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. माझा सांगाडा ओक लाकडाचा. तोंडात बारीक खिळे धरून एकेक काढून ठोकणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला कापड चढवलं. काम संपल्यावर माझ्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "हा मालकापेक्षा जास्त टिकेल." ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी. पुढे फारशा मिळाल्या नाहीत.

मला निवडलं ते ओपलने. दुकानातल्या प्रत्येक सोफ्यावर ती बसून पाहत होती. माझ्या उजव्या टोकाला बसली आणि म्हणाली, "हाच."

व्हर्लिन, तिचा नवरा, डोकं खाजवत होता. "इथून टीव्ही नीट दिसेल का?"

"दुकानात कुठला टीव्ही, व्हर्लिन?"

"मग कळणार कसं?"

"तू बस. मी टीव्ही होते," असं म्हणून ती खरंच त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. दुकानदारसुद्धा हसला.

मित्रांनो, सुरुवातीची ती वर्षं सुखाची होती. डावीकडे व्हर्लिन, उजवीकडे ओपल, मध्ये मक्याच्या लाह्यांचं भांडं. राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या विद्यापीठाचा संघ म्हणजे हेरन्स. शरद ऋतूतल्या दर शनिवारी हेरन्सचा फुटबॉलचा सामना असायचा, आणि दोघांत जास्त आरडाओरडा ओपलचाच असायचा. ती ओरडताना माझ्या हातावर बुक्की मारायची. मला ते आवडायचं. आपल्यावर बसलेलं माणूस आनंदात असलं की सोफ्याला वजन जाणवत नाही.

मग तो शनिवार उजाडला. हेरन्स मागे पडले होते. ओपल शेगडीवरचं चिलीचं, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्श्याचं, पातेलं हलवायला स्वयंपाकघरात गेली आणि हेरन्सनी गुण मिळवले. ती परत येऊन बसली, तर दुसऱ्या संघाने मिळवले. तिला बहिणीचा फोन आला म्हणून ती उठली, पुन्हा हेरन्सचे गुण!

"ओपल!" व्हर्लिन ओरडला. "तिथेच थांब! येऊ नकोस!"

ती दारातून हसत म्हणाली, "हो का? मग पातेलंही तिकडे आणून देऊ नको ना?"

हेरन्स जिंकले. ती एक गंमत होती. पण पुढच्या शनिवारी व्हर्लिन म्हणाला, "जा की जरा आत, पाच मिनिटं." त्याच्या पुढच्या शनिवारी त्याने काही म्हणायच्या आतच ती उठली. गमतीची सवय झाली, सवयीचा नियम झाला. दार उघडं असताना एकदा हेरन्स हरले, तेव्हापासून दारही बंद. नियम माझ्यापर्यंतही आला. मोठ्या विजयाच्या दिवशी मी होतो तसाच राहायला हवा म्हणून खडूच्या खुणा आल्या. माझी एक स्प्रिंग तुटून वर आली, ती बदलायची नाही. ओपलने एकदा मला निळी खोळ शिवली, त्याच दिवशी हेरन्स हरले. खोळ कचऱ्यात गेली.

मला दिसायची ती फक्त बंद दाराखालची उजेडाची पट्टी, आणि त्या पट्टीत ओपलच्या पावलांच्या दोन सावल्या. सामनाभर ती दाराला कान लावून उभी असायची. माझी उजवी बाजू रिकामी राहिली. डावी बाजू व्हर्लिनच्या वजनाने खचली, मधली त्याचा शेजारी मर्ल याच्या वजनाने. उजवी मात्र तशीच ताठ, दुकानातल्यासारखी. लोक म्हणतात वापरलेली वस्तू झिजते. न वापरलेली जागाही झिजते मित्रांनो, पण ते बाहेरून दिसत नाही.

या काळात मी फुटबॉलवरची मतं इतकी ऐकली, की माझ्या कापसात ती भरून राहिली असतील. नवा कोच आला की पहिल्या वर्षी हे दोघं म्हणायचे, "देवमाणूस आहे." दुसऱ्या वर्षी, "बघू या." तिसऱ्या वर्षी, "याला खेळातलं ओ की ठो कळत नाही!" टीव्हीवर टाय लावून बसलेले चौघे जाणकार अजून एकही सामना न खेळलेल्या पोराला शतकाचा खेळाडू ठरवायचे, आणि पानं गळायच्या आत त्याच पोराचं कुठे बिनसलं यावर तासभर चर्चा करायचे. व्हर्लिन त्यांना शिव्या द्यायचा आणि त्यांचा एकही शब्द चुकवायचा नाही.

"पूर्वी पोरं चार वर्षं एका रंगात राहायची," तो म्हणायचा. "आता मोजे बदलावेत तशी कॉलेजं बदलतात."

"आणि कोच बदलतो तेव्हा?" मर्ल विचारायचा. "तेव्हा तू त्याला शुभेच्छा देतोस."

"त्याला पोटपाणी आहे, मर्ल."

"पोरांना काय पोट नसतं?"

माझं मत मर्लच्या बाजूचं होतं. पण सोफ्याला कोण विचारतो?

रेडिओवरच्या चर्चेला व्हर्लिन दर सोमवारी फोन करायचा. चेंडू सुटलेल्या, किक हुकलेल्या पोरांवर तोंडसुख घ्यायचा. एकदा तो म्हणाला, "त्या किकरला संघाची बस धुवायला ठेवा, तिथे तरी पाय घसरायचा नाही." निवेदक हसला. व्हर्लिन आठवडाभर खुशीत होता.

आणि मग हेरन्सचा किकर म्हणून निवड झाली ती डेनची. डेन म्हणजे ओपल आणि व्हर्लिनचा नातू. इथल्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळतात, पण अडलेल्या वेळी एका पोराला बोलावतात आणि त्याने दोन पिवळ्या खांबांच्या मधून चेंडू लाथेने उडवायचा असतो. ते काम आता डेनचं.

त्या दिवशी ओपल नवा स्वेटर घालून माझ्याजवळ आली. "आता तरी मी बसणार. माझा नातू आहे तो."

व्हर्लिनचा चेहरा उतरला. "आता तर मुळीच नाही! इतकी वर्षं संघाचा प्रश्न होता. आता आपल्या पोराचा आहे. त्याचं वाटोळं करायचंय का तुला?"

ओपल थोडा वेळ माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं, आता ही भांडेल. पण ती स्वतःच आत गेली आणि तिने दार ओढून घेतलं. त्या क्षणी मला कळलं की कडी व्हर्लिनने लावलेली नाही. एवढ्या वर्षांत त्या वेड्या नियमावर तिचाही विश्वास बसला होता. दुसऱ्याने कोंडलेलं माणूस सुटायची वाट शोधतं. जीव लावून स्वतःच कोंडून घेतलेल्याला वाट दिसतच नाही.

डेनच्या किका खांबांमधून जात राहिल्या. टीव्हीवरचे चौघे त्याला 'सोनेरी पाय' म्हणू लागले. गावातल्या बेकरीने त्याच्या नावाचा केक काढला. आणि एका शनिवारी, शेवटच्या क्षणी, त्याचा चेंडू खांबाला आपटून बाहेर गेला. हेरन्स हरले.

ती किक टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवत होते. सोमवारी रेडिओवर कुणीतरी म्हणालं, "सोनं नव्हतं, मुलामा होता." मर्ल हळूच म्हणाला, "व्हर्लिन, बस धुवायला ठेवा म्हणणारा तूच होतास ना?" व्हर्लिनने रेडिओ बंद केला. पण लगेच त्याने स्वयंपाकघराकडे मान वळवली. "ओपल! शनिवारी तू दार उघडलं होतंस का?"

आतून नळ सोडल्याचा आवाज आला. मला मात्र ठाऊक होतं. त्या किकच्या वेळी दाराची फट बोटभर रुंदावली होती.

दोन दिवसांनी डेन घरी आला. कॉलेजात त्याला तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. तिथल्या त्याच्या खोलीच्या दाराला कुणीतरी अंडी मारली होती. व्हर्लिन बाहेर गेला होता. डेन बुटांसकट माझ्या उजव्या टोकाला येऊन बसला, अंग चोरून. एकोणीस वर्षांचं पोर, पण वजन असं की माझी ताठ स्प्रिंग कण्हली.

ओपल समोर येऊन उभी राहिली. "बाळा, चूक माझी आहे. मी फटीतून बघितलं."

"काय बघितलंस?"

"तुला. म्हणून हुकली."

डेनने मान वर केली. "आजी, माझा डावा पाय गवतात रुतला. तेवढंच झालं. तू ओहायोच्या या टोकाला, स्वयंपाकघरात!" मग एकदम त्याचा आवाज खाली आला. "म्हणजे तू मला खेळताना बघतच नाहीस? आजपर्यंत एकदाही नाही?"

"तुझ्या भल्यासाठीच रे."

"जिंकायची वाट बघणारे मला हजारो आहेत. आजोबाही त्यातलेच. मला वाटायचं, मला बघणारं निदान एक माणूस आहे." तो उठला. "शनिवारी बघशील? हुकली तरी?"

ओपलने नुसती मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते मलाही कळलं नाही.

शनिवार आला. सामना सुरू झाला तेव्हा दार बंद होतं आणि दोन सावल्या दाराखाली होत्या. मला वाटलं, संपलं. शेवटी हेरन्स दोन गुणांनी मागे होते. किक गेली तर तीन गुण. डेन मैदानात आला. आणि दार उघडलं.

ओपल सरळ चालत आली आणि माझ्या उजव्या टोकाला बसली.

"ओपल!" व्हर्लिन उठून तिच्या आणि टीव्हीच्या मध्ये आला. "आत जा! एवढी एक किक, मग काय हवं ते कर. हात जोडतो!"

"जोड," ती म्हणाली. "पण मधून बाजूला हो. दिसत नाही."

"मर्ल, सांग तिला!"

"मी कशाला सांगू?" मर्ल म्हणाला. "सरक जरा. बाईंना दिसत नाहीये."

माझा हात तिने इतका घट्ट धरला की शिवण उसवली. पण तिने डोळे मिटले नाहीत. डेन दोन पावलं मागे गेला, बाजूला सरकला, धावला. चेंडू वाकडा जातोय असं वाटलं, आणि मग तो वळला आणि खांबाला घासून आतून गेला.

मर्ल नाचू लागला. ओपल दोन्ही हात तोंडावर धरून रडत होती. आणि व्हर्लिन? तो गुडघ्यांवर बसून खिशातला खडू शोधत होता!

"ओपल, जागची हलू नकोस! अगदी अशीच बस! पुढच्या शनिवारी हीच जागा, हाच स्वेटर. किक झाल्याशिवाय उठायचं नाही. समजलं?"

तो माझ्या गादीवर, तिच्याभोवती, रेघ ओढू लागला.

ओपलने ती रेघ पाहिली. डोळे पुसले आणि ती उठली. "पुढच्या शनिवारी मी इथे नसेन, व्हर्लिन. मैदानावर असेन. तिकिटं दोन काढते. तूही चल."

"मी?" तो घाबरून म्हणाला. "मी इथून उठलो तर ते हरतील!"

मित्रांनो, तेव्हापासून दर शनिवारी ओपल पहाटे निघते. मर्ल तिला गाडीतून नेतो आणि स्वतःचं तिकीट काढून तिथे तोही बसतो. डेनच्या किका कधी जातात, कधी हुकतात. ती परत आली की चेंडूपेक्षा डेनबद्दलच जास्त सांगते: कसा चालला, पाणी कुणाबरोबर वाटून प्यायला. आणि माझ्या डाव्या टोकाला व्हर्लिन एकटा बसलेला असतो. गर्दी दाखवली की तो टीव्हीजवळ तोंड नेऊन ओपलला शोधतो. स्वतःच्या नातवाला त्याने मैदानावर अजून पाहिलेलं नाही. दुसरं तिकीट दर आठवड्याला माझ्या हातावर ठेवलेलं असतं. तो ते उचलतो, दोन्ही बाजूंनी बघतो आणि परत ठेवतो.

तुमचाही एखादा आवडता संघ असेल. त्याच्यासाठी खूप ओरडा. पण मैदानावरचं पोर कुणाच्यातरी घरचं असतं, हे विसरू नका, आणि आपल्या विजयासाठी घरातल्या कुणाला दाराआड उभं करू नका. आणखी एक विनंती. तुमच्या घरी कुणी असं एकाच जागी अडकून बसलेलं दिसलं, तर त्यांचा हात धरा आणि म्हणा, "उठा आजोबा, चला." मी हे व्हर्लिनला रोज सांगतो. पण मी सोफा आहे. माझं बोलणं त्याला फक्त स्प्रिंगच्या करकरण्याएवढं ऐकू येतं, आणि ती करकर थांबावी म्हणून तो आणखी गच्च बसतो.